माळकरणीचा लाट्या

रविवार, १४ जानेवारी २०२४. भोगी. पहाटे चांगलीच थंडी, पत्र्यावर दव. तीळ लावून बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, खिचडी, लोणी. भाजीत पावटा जास्त झाला. आरती व दिशा अकराच्या सुमारास गाडीने आल्या. दिशाने पिंजरा आणला. त्यात फेरेट नावाचा प्राणी, नर, अजून पिल्लूच. मला वाटले मेला आहे, पण झोपलेला होता. संध्याकाळी आरती व दिशा गेल्या. प्राणी राहिला.

महाळुंगे पडवळच्या झुंबरबाई आपल्या डायरीत भांडणं लिहीत नसत. त्यामुळे 'गेल्या' आणि 'राहिला' या दोन शब्दांच्या मधे त्या दिवशी घरात काय काय झालं, ते डायरी वाचून कळायचं नाही.

झालं होतं ते असं. दिशानं पिंजरा पडवीत ठेवला, दार उघडलं आणि आतून एक लांबोळकं, दुधाळ तपकिरी अंग बाहेर काढलं. ते तिच्या हातावर ओल्या फडक्यासारखं लोंबायला लागलं. मान एकीकडे, पाय एकीकडे. झुंबरबाईंचं अर्धं आयुष्य मेंढरांच्या मागं गेलेलं. मेलेलं जनावर त्यांना लांबूनच कळायचं.

"दिशा, गेलंय गं हे."

"झोपलंय आजी. असंच झोपतं. गदागदा हलवलं तरी उठत नाही."

"मग तुझ्या आजोबांच्या वळणावर गेलंय."

तेवढ्यात त्या फडक्यानं जांभई दिली. गुलाबी तोंड, सुईसारखे दात. मग ते खाली उतरलं, पाठीची कमान केली आणि चारही पायांवर उड्या मारत तिरकं तिरकं नाचायला लागलं. नाचताना घशातून 'डुक डुक' असा आवाज. वाटेत पाटाला धडकलं, कोलमडलं, उठलं आणि पुन्हा नाचायला लागलं. झुंबरबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वडील गेल्यापासून आई अशी हसलेली आरतीनं पाहिली नव्हती; पण त्या दिवशी तिचं लक्ष दुसरीकडं होतं.

"नाव काय याचं?"

"लाटे. ती कॉफी असते ना, ती. इटालियनमध्ये लाटे म्हणजे दूध. रंग बघ की त्याचा."

"लाट्या," झुंबरबाई म्हणाल्या, आणि बारसं तिथंच उरकलं.

दिशा म्हणजे आरतीची मुलगी. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून तिनं हे पिल्लू रीतसर कागदपत्रांसह घेतलं होतं आणि आता कंपनी तिला जूनपर्यंत बंगळूरला धाडत होती. भोसरीच्या फ्लॅटमध्ये लाट्याच्या अंगाच्या उग्र वासानं आरतीचं डोकं उठायचं. परत जाताना विकणाऱ्याकडं देऊन टाकू, असं मायलेकींचं गाडीत ठरलंही होतं.

"कशाला?" झुंबरबाई म्हणाल्या. "राहू दे इथं."

आरतीनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आई, तुझं तुला होत नाही. दिवाळीत दुधाचं पातेलं जाळून कोळसा केलास. शेजारी धूर गेला म्हणून कळलं. आता मी तुलाच भोसरीला न्यायचं म्हणतेय, त्यात हे ध्यान कुठं?"

"पातेलं जळालं. मी नाही जळाले."

"पुढच्या वेळी?"

पातेलं जळालं ते खरंच होतं, डायरीतही होतं. त्या उठल्या, लाट्याला कोकरू उचलावं तसं छातीखाली हात घालून उचललं, आणि तो गुमान त्यांच्या काखेत शिरून झोपला.

"ठीक आहे," आरती म्हणाली. हट्टाच्या बाबतीत ती आईवरच गेली होती. "जूनला मी येते. हा असाच नाचताना दिसला, अंगानं भरलेला दिसला, तर भोसरीचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही दिसला, तर तू मुकाट्यानं गाडीत बसायचं. दिशा, तू साक्षीदार." आणि पर्समधून एक नवी कोरी किल्ली काढून तिनं आईच्या हातावर ठेवली. "ही फ्लॅटची. तुझ्यासाठी करून घेतलीय. सांभाळून ठेव. आणि यंदा लोणचं बिणचं घालत बसू नकोस. ती एवढी थोरली बरणी भोसरीला कुठं ठेवायची?"

झुंबरबाईंनी किल्ली देव्हाऱ्याखालच्या फळीवर, कुंकवाच्या कोयरीशेजारी ठेवली. लोणच्याची चिनीमातीची बरणी माळ्यावर पालथी होती, ती तशीच राहिली.

झुंबरबाईंचे वडील मूळचे मेंढपाळ. रोगात मेंढरं गेली तेव्हा ते पुण्याला गेले आणि एका कॉन्व्हेंटच्या बागेत माळी म्हणून लागले. तिथल्या सिस्टरांनी माळ्याच्या पोरीला फुकट शिकवलं, मॅट्रिक केलं. इंग्रजी तर शिकवलंच, पण एक सवयही लावली: रोज रात्री दिवसाचं लिहायचं, काय वाटलं ते नको, काय घडलं ते. पुढं वडिलांनी नात्यातलंच स्थळ पाहिलं, महाळुंग्याचे भागू. दिवाळी झाली की कळप घाट उतरून कोकणात जायचा. घोड्यावर वाकळा, भांडी, कोंबड्या, तान्ही आरती, आणि मेणकापडात गुंडाळलेली डायरी. बायका चेष्टा करायच्या, "झुंबर मेंढरांची हजेरी घेती." पुढं आरतीच्या शाळेसाठी कळप मोडला, शेती धरली. उतारवयात भागूंनी तुळशीची माळ घातली, त्यांच्यामागून झुंबरबाईंनी. तेव्हापासून या घरात मांसमच्छी शिजली नाही. भागू गेले, माळ राहिली.

आणि नेमकं इथंच घोडं पेंड खाणार होतं.

दिशानं जाताना लाट्याच्या कोरड्या खाण्याची मोठी पिशवी ठेवली होती. दिसायला फुटाण्यासारखं. झुंबरबाईंनी चष्मा लावून पिशवीवरचं इंग्रजी वाचलं. कोंबडीचं पीठ, कोंबडीची चरबी, अंडी. त्यांनी पिशवी दोन बोटांत धरून गोठ्यात नेली आणि खुंटीला टांगली.

मग त्यांच्या मनानं घेतलं, की एवढंसं पिल्लू आहे, आत्ताच वळण लावलं तर लागेल. आई मेलेली कोकरं त्यांनी बोटानं दूध चाटवून वाढवली होती. मांजर तर भाकरीवरच जगलं होतं. त्यात याच्या नावातच दूध. त्यांनी फुटाणे रोज थोडे थोडे कमी केले आणि शेळीच्या दुधात भाकरी कुस्करून द्यायला लागल्या. लाट्या मिटक्या मारत खायचा.

समोरच्या अंगणात दीर राहायचे, दादाभाऊ. त्यांचं सारं आयुष्य कांद्यात गेलं होतं आणि उरलेलं भावजयीच्या खोड्या काढण्यात. ते म्हणाले, "वहिनी, येकादशी बी धराया लावा की त्याला."

"हळूहळू," झुंबरबाई म्हणाल्या. त्या चेष्टेनं बोलत नव्हत्या.

लाट्या काही माळकरी झाला नाही. त्याचं पोट बिघडलं. आधी थोडं, मग फारच. अंगावरची लव निस्तेज झाली, हाताला फासळ्या लागायला लागल्या. नाच थांबला. एका दुपारी झुंबरबाईंनी पाहिलं तर तो झोपला होता, पण ती मेल्यासारखी गाढ झोप नव्हती. डोळे अर्धे उघडे होते. ती नजर त्यांनी कोकरांच्या डोळ्यांत पाहिलेली होती, आणि त्यातली बरीच कोकरं दुसरी सकाळ बघायला राहिली नव्हती.

पिंजऱ्यावर पोतं टाकून त्या एस.टी.नं घोडेगावला गेल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी असला प्राणी पुस्तकातच पाहिला होता. त्यांनी मोकळेपणानं तसं सांगितलं, पुण्याच्या एका मित्राला फोन लावला, तपासलं, सलाईन टोचलं, आणि मग विचारलं, "खायला काय देता आजी?"

झुंबरबाईंनी सांगितलं.

डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यातल्या माळेकडं पाहिलं, मग लाट्याकडं. "याच्या पोटात भाकरी पचायची सोयच नाही. दूध तर अजिबात नको. याला मांस लागतं, रोज, कच्चं असलं तरी चालेल. तुम्हाला जमणार नसेल तर आजच परत धाडा. असंच चाललं तर हा राहायचा नाही."

परतीच्या गाडीत झुंबरबाईंनी पिंजरा मांडीवर घेतला होता. लाट्याला पाठवून द्यायचं म्हणजे पैज हरायची, घराला कुलूप लावायचं. पिशवीतले फुटाणे गोठ्यातल्या उंदरांनी कधीच फस्त केले होते; ठेवायचं म्हणजे काय, ते त्यांना दिसत होतं. गाव आलं. त्या उतरल्या आणि घराकडं न वळता सरळ फाट्यावरच्या गोरखच्या चिकनच्या दुकानापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

गोरखचा सुरा हवेतच थांबला. "वाट चुकली का आजी? भजन वरच्या आळीला हाय."

"पाव किलो दे. हाडासकट, बारीक करून. कलेजी वेगळी."

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं सावरून बसली.

"पावणं आलं व्हय?" गोरखनं विचारलं.

"पाहुणाच आहे."

"आन् माळ?"

"माळ माझ्या गळ्यात आहे, भूक त्याच्या पोटात. तू तोल."

गोरखनं तोललं. एक पिशवी, तिच्यावर दुसरी, वर पक्की गाठ. झुंबरबाईंच्या हाताला रक्ताचा थेंब लागू नये म्हणून पिशवी बाहेरून पुसली. "उद्यापासून मीच घरी पोच करतो आजी. तुमी हितं उभ्या ऱ्हायल्या तर माजं गिऱ्हाईक लाजून पळंल."

घरी आल्यावर निराळंच. लाट्यानं मांस हुंगलं आणि तोंड फिरवलं. झुंबरबाईंनी दिशाला फोन लावला.

"आजी, लहानपणी जे खाल्लेलं असतं तेच त्यांना खाणं वाटतं. त्याला ते मांस आहे हेच कळत नसणार. थोडं बोटावर घे आणि त्याच्या हिरडीला चोळ. चव लागली की खाईल."

"बोटावर?"

"हो... अरे देवा. आजी, तू राहू दे. मी आईला सांगते, ती येऊन घेऊन जाईल."

"आईला काही सांगू नकोस," झुंबरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दादाभाऊ ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. "वहिनी, निदान माळ तरी खुंटीला लावा. पाप लागंल."

"खुंटीला लावून काय होणार भाऊजी? पांडुरंगाला खुंटीवरून दिसत नाही? त्यानंच याला असले दात दिलेत. मी नाही दिले." त्यांनी पदर खोचला. "आणि आपल्या मेंढरांच्या वाड्यावरची कुत्री काय तुळशीची पानं खाऊन लांडगा हाकलत होती?"

दादाभाऊंनी तंबाखू तोंडात टाकली. आता वर्षानुवर्षं सांगायला होईल असं काहीतरी घडतंय, हे ओळखून ते जरा पुढं सरकले.

झुंबरबाईंनी कलेजीचा तुकडा उचलला. थंड, मऊ, निसरडा. त्यांचा हात एकदा मागं आला. मग त्यांनी डाव्या हातानं लाट्याची मान मागून धरली, कोकराला औषध पाजताना धरायच्या तशीच, आणि उजव्या हाताचं बोट त्याच्या हिरडीवरून फिरवलं. लाट्यानं फुरफुर केलं, मान झटकली. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा त्याची जीभ बाहेर आली. बोट चाटलं. थांबला, विचारात पडल्यासारखा. मग झुंबरबाईंच्या बोटातून तुकडाच ओढून घेतला आणि पाठ फिरवून असा चावायला लागला की जणू जन्मापासून कुणी त्याला उपाशी ठेवलं होतं.

"झाला बाटून," दादाभाऊ म्हणाले.

"जगला," झुंबरबाई म्हणाल्या.

नंतर त्यांनी अंघोळ केली, लुगडं धुतलं, देवापुढं दिवा लावला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक. पण त्या रात्री त्यांना स्वस्थ झोप लागली. लाट्याची थाळी, सुरी, पाट सगळं गोठ्यात वेगळं झालं. स्वयंपाकघराचा उंबरा त्यातलं काही कधी ओलांडून आलं नाही.

महिन्याभरात लाट्याचं रूप पालटलं. अंगावर तकतकी आली, मानेशी वळी पडली. झुंबरबाईंनी कोकराच्या जुन्या दाव्यातून त्याच्यापुरता एक पट्टा शिवला आणि संध्याकाळी त्याला आळीतून फिरवायला न्यायला लागल्या. तिथून पुढची गंमत सुरू झाली, कारण गावानं त्याला पाहिल्याबरोबर ठरवून टाकलं, की हे मुंगूस आहे.

मुंगसाचं तोंड दिसणं म्हणजे शुभ, काम होणारच. रानात मुंगूस नेहमी शेपूट दाखवून पळतं, म्हणून पोरं त्याला शपथ घालतात. आता ते पट्ट्याला बांधून दारात हजर.

"मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ," पोरं दारात उभं राहून ओरडायची.

"अरे, हे मुंगूस नाही. फेरेट आहे. परदेशी," झुंबरबाई सांगायच्या.

"आसंल की," शेजारची चिमाबाई म्हणाली. "परदेशातलं मुंगूस. तोंड तर दावा." चिमाबाई त्या दिवशी बोअर घेत होती. तिनं लाट्याचं तोंड पाहिलं, जाऊन नारळ फोडला, आणि पाणी लागलं. झालं. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुली आधी लाट्याकडं यायला लागल्या. मुलगी बघायला निघालेली मंडळी गाडी थांबवायची. लाट्या बहुतेक वेळा झोपलेला असायचा. मग झुंबरबाई ते मेल्यासारखं अंग उचलून धरायच्या आणि लोक वाकून, मान तिरकी करून त्याचं तोंड पाहायचे.

कुणीतरी वन खात्याला कळवलं, की म्हातारीनं मुंगूस पाळलंय. एक तरुण वनरक्षक मोटारसायकलवर आला. मुंगूस पाळणं गुन्हा आहे हे त्यानं अदबीनं सांगितलं. झुंबरबाईंनी दिशाचे कागद पुढं केले. त्यानं सगळे वाचले, लाट्याला उलटासुलटा पाहिला, फोटो काढला. "बरोबर आहे आजी. मुंगूस नाही हे." मोटारसायकलला किक मारली, आणि मग पुन्हा बंद केली. "तरीपण... जरा त्याचं तोंड इकडं करता का? माझी बदली अडकलीय."

पाडव्याला झुंबरबाईंनी घर झाडायला काढलं. कुंकवाच्या कोयरीशेजारी किल्ली नव्हती.

फळी काढून झटकली. डबे उपसले. देव्हारा हलवला. धान्याच्या कणगीत हात घालून पाहिला. स्वतः कुठं दुसरीकडं ठेवली का ते आठवून आठवून डोकं दुखायला लागलं. मग मनात ते जळकं पातेलं आलं. आधी पातेलं, आता किल्ली. आरती म्हणते ते खरं असेल तर? रात्री डायरी उघडली. सिस्टरांचा नियम होता: घडलं ते लिहायचं. त्यांनी लिहिलं, 'किल्ली सापडत नाही.'

तोवर ऊन तापायला लागलं होतं. लाट्याला थंडी मानवायची, उन्हाळा हा त्याचा वैरी. तिशीच्या वर पारा गेला की जिवाला धोका, असं दिशानं बजावलं होतं; आणि महाळुंग्यात एप्रिलमध्ये पारा तिशीवर सकाळीच जातो. वर पत्रा. विजेचा भरवसा नाही. आरतीचा फोन आला, "इकडं एसी आहे आई. उगाच त्याचे हाल करू नकोस. दोघंही या आताच."

म्हणणं वाजवी होतं, म्हणून जास्तच लागलं. झुंबरबाई दुपारभर येरझारा घालत राहिल्या. पाणी प्यायला माठाशी गेल्या, पेला बुडवला आणि माठावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. माठ गार होता.

"भाऊजी," त्यांनी अंगणातून हाक मारली, "तुमच्या गोठ्यात तो गळका रांजण आहे ना?"

"हाय. गळ्याशी तडा गेलाय. काय करताय?"

"घर बांधायचंय."

मागच्या पडवीच्या कोपऱ्यात, जिथं ऊन कधी पोचत नाही, तिथं रांजण आडवा केला. निम्मा नदीच्या वाळूत पुरला, वर पोतं गुंडाळलं. पोतं दिवसभर ओलं कसं राहायचं, हा प्रश्न होता. संध्याकाळी दादाभाऊ ठिबकच्या नळीचा तुकडा आणि एक जुना कॅन घेऊन आले. त्यांनी कॅन खुंटीला टांगून नळी पोत्यावर सोडली. टप, टप, टप.

"माज्या कांद्याचं ठिबक मुंगसाला," ते पुटपुटले.

"फेरेट आहे."

"व्हय व्हय, परदेशी."

झुंबरबाईंनी आत हात घालून पाहिला. बाहेर अंग भाजत होतं आणि रांजणात कोकणातल्या पहाटेसारखं गार. लाट्या आत शिरला, दोन गिरक्या घेतल्या आणि मेला. म्हणजे झोपला.

मेमधला एक दिवस मात्र कठीण गेला. वीज सकाळपासून गायब. वारा असा की चुलीतून येतोय वाटावं. झुंबरबाईंचा पडवीत डोळा लागला आणि कॅन रिकामा झाला. जाग आली तेव्हा टपटप थांबलेली, पोतं कोरडं, आणि लाट्या रांजणाबाहेर फरशीवर पालथा, तोंड उघडं, धापा टाकत.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. ऊन लागलेल्या कोकरावर एकदम गार पाणी ओतलं की ते हबकून जातं, हे त्यांनी एकदा शिकून घेतलं होतं. माठातलं पाणी साध्या पाण्यात मिसळलं, फडकं भिजवून आधी पावलांना लावलं, मग पोटाला, मग कानांना. दादाभाऊंना हाक मारली. ते सूप घेऊन आले आणि वारा घालत बसले. चमच्यानं थेंब थेंब पाणी ओठाशी. घोडेगावच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, करताय तेच करत राहा. फडकं सुकायचं, पुन्हा भिजवायचं. दादाभाऊंचा हात भरून आला, त्यांनी सूप दुसऱ्या हातात घेतलं.

"वहिनी, ह्यो गेला तर तुमी बी जाणार भोसरीला."

"हो."

"मग मी कुनाच्या खोड्या काढू?" असं म्हणून त्यांनी सूप जोरात हलवलं.

उन्हं कलली. लाट्याची धाप हळूहळू उतरली. त्यानं मान उचलली, इकडंतिकडं पाहिलं, आणि दादाभाऊंचा अंगठा अगदी जवळ दिसला म्हणून त्याला कडकडून चावला.

दादाभाऊंनी अंगठ्यावरचं रक्त कौतुकानं पाहिलं. "जिता हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॅन दोन झाले.

जूनच्या पहिल्या रविवारी आरतीची गाडी दारात लागली. दिशा बंगळूरहून आली होती; मागच्या सीटवर मोठी रिकामी बॅग होती. आरती सरळ मागच्या पडवीत गेली. रांजणातून लाट्या बाहेर आला, लांबलचक आळस दिला, दिशाला पाहिलं आणि पाठीची कमान करून जो नाचायला लागला तो बादलीला धडकेपर्यंत. दिशानं त्याला उचललं. "आई, दोन्ही हात लागतात गं उचलायला." लव तुळतुळीत, नाक ओलं, दात पांढरेशुभ्र. आरतीनं त्याला वरून खालून न्याहाळलं. तिला खोट काढायची होती, ती सापडली नाही.

"बरा सांभाळलास," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "फ्लॅटची किल्ली कुठंय? परत घेऊन जाते."

झुंबरबाईंनी पदर सारखा केला. "हरवली. पाडव्याला पाहिलं तर जागेवर नव्हती."

आरती पाटावर बसली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "आई, प्राणी सांभाळलास, मान्य. पण हेच म्हणते मी. वस्तू कुठं ठेवलीस ते तुला आठवत नाही. उद्या गॅस आठवणार नाही. एकटीला कसं ठेवू सांग."

दिशा आईकडं पाहत होती, आजीकडं पाहत होती. लाट्याकडं कुणीच पाहत नव्हतं. तो आरतीच्या उघड्या पर्सशी गेला, आत मान घातली, गाडीच्या किल्लीची चामडी पट्टी दातांत धरली आणि मागं मागं चालत, किल्ली फरशीवर खुळखुळत ओढत, रांजणाकडं निघाला.

"ए, ए, माझी किल्ली!"

तोवर शेपूट रांजणात गेलं होतं.

दिशानं आधी रांजणाकडं पाहिलं, मग आजीकडं. "आजी, हे लोक चोर असतात. आवडेल ते पळवून साठवतात, आणि जागा बदलली की साठाही हलवतात. मी सांगितलं नव्हतं का तुला?"

"नाही," झुंबरबाई म्हणाल्या.

दिशानं खांद्यापर्यंत हात रांजणात घातला. आधी आरतीची गाडीची किल्ली बाहेर आली. मग कोयरीचं झाकण. एक पायमोजा. वनरक्षकाच्या पेनाचं टोपण. चिमाबाईचा केसांचा चाप. पितळेची एक डबी.

"माजी चुन्याची डबी," दादाभाऊ अंगणातून आत आले. "आन् मी गोरखवर आळ घेतला व्हता. चार दिस बोललो न्हाई त्याच्याशी."

सगळ्यात शेवटी, आत सांडलेल्या वाळूत खोल रुतलेली, भोसरीच्या फ्लॅटची किल्ली आली. अजून कोरीच होती.

आरतीच्या खांद्यांना कंप सुटला आणि ती हसायला लागली, अगदी आईसारखी, पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावून. दिशा हसली, दादाभाऊ हसले. झुंबरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी लेकीसमोर हात कमरेवर ठेवले. "म्हणजे मी ठेवली होती तिथंच ठेवली होती."

"हो आई."

"मी विसरले नव्हते."

"नाही विसरलीस." आरतीनं डोळे पुसले. फ्लॅटची किल्ली तिनं तळहातावर घेऊन पाहिली, खाली वाकली आणि रांजणाच्या तोंडातून आत टाकून दिली. "राहू दे त्याच्याकडंच. नीट ठेवलीय त्यानं." मग कपाळावरचा घाम पुसत ती म्हणाली, "माळ्यावरची ती बरणी मी काढून देते. तू चढू नकोस. आणि मला एक छोटी बरणी भरून दे यंदा."

लाट्यानं आतून किल्ली जागेवर सरकवल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी झुंबरबाईंनी लिहिलं: 'कैऱ्या दादाभाऊंच्या झाडाच्या. लोणचे घातले, थोरल्या बरणीत. मीठ कमी पडले, दुकानातून आणले.'